‘रोजु’ म्हणजे रोज नव्हे: सोलापुरातले दवाखाने चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले सरकारी, महापालिकेचे आणि खाजगी दवाखाने चालवणारे सगळे डॉक्टर, मेट्रन मॅडम आणि रुग्ण कल्याण समित्यांचे सदस्य यांना,

नमस्कार.

मी अशोक चौकाच्या पलीकडं राहते. घरात तेलुगू, शाळा मराठी मीडियम, शेजारी कन्नड, आणि नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशोबाची, तिथं निम्मं बोलणं हिंदीत. पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही, आपलं गावच असं आहे. दोन वर्षांपूर्वी हे पत्र लिहिलं असतं तर त्यात नुसता राग असता. आता मला एक ठराविक गोष्ट मागायची आहे आणि ती आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं तरी पोचेल. भाषा न कळल्यामुळं दवाखान्यात जी चूक होते ती तुमच्या रजिस्टरला दवाखान्याची चूक म्हणून लिहा, पेशंटची म्हणून नको. आणि ती का झाली हे ज्या मीटिंगमध्ये बघता तिथं आमच्या वस्त्यांमधली दोन माणसं बसवा.

आता का ते सांगते.

आमच्या अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं विड्या वळतात. दिवसाला हजार विडी वळणारी बाई आहे ती. वय झालं तसं सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात, मनगटं सुजायला लागली, एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं तर संधिवात निघाला. डॉक्टर चांगले होते, खरंच चांगले होते, त्यांनी मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली आणि स्पष्ट मराठीत सांगितलं, आजी ही गोळी आठवड्यातनं एकदाच हं, आणि दुसरी फॉलिक अ‍ॅसिडची बाकीच्या दिवशी. मी त्या दिवशी कामावर होते, सोबत शेजारची पोरगी गेली होती आणि ती नंबर लावायला बाहेर थांबली होती. अत्तम्मांनी मान हलवली. मोठ्या माणसापुढं आमच्या बायका मान हलवतातच, कळलं तरी हलवतात आणि नाही कळलं तरी हलवतात.

पण त्यांना शंका होती म्हणून त्यांनी औषधाच्या खिडकीवर परत विचारलं. हे मला लई महत्त्वाचं वाटतं, त्या बाईने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “वारानिकि ओक रोजा?” तेलुगूत वारम म्हणजे आठवडा आणि रोजु म्हणजे दिवस, म्हणजे त्या विचारत होत्या की आठवड्याला एक दिवस ना? अगदी बरोबर प्रश्न. खिडकीतल्या पोराच्या कानावर पडलं “ओक रोजा”, आणि मराठी माणसाला रोज म्हणजे दररोज. मागं चाळीस माणसांची लाईन. तो म्हणाला, हां हां, रोज एक. अत्तम्मांनी पण रोज हा शब्द आपल्या भाषेतला ऐकला आणि समाधानाने घरी आल्या.

पाकिटात दोन स्ट्रिपचे कापलेले तुकडे होते, एकावर नाव अर्धं कापलं गेलेलं, आणि दोन्ही गोळ्या बारक्या आणि पिवळ्या. पाकिटावर पेनाने गोल करून १ लिहिलेला, दोन्हींवर १. मी ते पाकीट अजून ठेवलंय.

पाचव्या दिवशी तोंड जळायला लागलं. आम्हाला वाटलं तंबाखूच्या धुळीने, विडीवाल्या बायकांना तोंडाचा त्रास नेहमीचाच, मी गुलकंद दिला. सातव्या दिवशी भात गिळवेना. दहाव्या दिवशी ताप आणि ओठांना आतनं सगळीकडं फोड, अकराव्या दिवशी आम्ही दुसऱ्या दवाखान्यात नेलं तेव्हा पांढऱ्या पेशी अकराशेवर आल्या होत्या, चार हजारांच्या पुढं लागतात. तिथल्या डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ही रोज घेताय का? त्यांना लगेच कळलं, कारण ही चूक त्यांच्या पुस्तकात आहे, मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतलं जाणं ही जगभर माहीत असलेली, माणसं मेलेली चूक आहे. अत्तम्मा तेरा दिवस अ‍ॅडमिट होत्या आणि वाचल्या.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती. पेशंटने औषध चुकीच्या पद्धतीने घेतलं, अशी. मी ती ओळ घरी येऊन मोठ्याने वाचली आणि त्यांना तेलुगूत सांगितली तर त्या म्हणाल्या, हो गं, माझंच चुकलं, मला वाचता येत नाही ना. त्या रात्री मला झोप नाही. त्या बाईने डॉक्टरांचं ऐकलं, शंका आली तर विचारलं, जे उत्तर मिळालं ते तंतोतंत पाळलं, एक दिवस चुकवला नाही, आणि कागदावर चूक तिची. आणि पहिल्या दवाखान्यात तर कुठंच काही लिहिलेलं नाही, तिथं ही गोष्ट घडलीच नाही, त्यामुळं त्या खिडकीवर आजही तेच पाकीट आणि तोच गोल केलेला १ असेल. मी त्या दवाखान्याचं नाव इथं घेत नाही आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही. त्या पोराची नोकरी जावी असं मला कधीच वाटलं नाही. त्याच्या जागी मी असते आणि मागं चाळीस माणसं असती तर मी पण हां हां म्हणले असते.

तिथनं आमचं काम चालू झालं. ट्रस्ट नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. आम्ही नऊ-दहा जणी आहोत, दोन पुरुष पण आहेत, एक रिटायर्ड मास्तर जे महापालिकेच्या कन्नड शाळेत होते आणि एक रिक्षावाला भाऊ नई जिंदगी भागातला. ज्याला ज्या दिवशी जमेल तो त्या दिवशी आपल्या ओळखीच्या पेशंटसोबत जातो, बाकावर बसतो, डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटच्या भाषेत सांगतो आणि पेशंटला तेच परत सांगायला लावतो. एवढंच. या दोन वर्षांत जे बघितलं त्यातलं थोडं सांगते, कारण तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला असता आणि तिकडनं हे दिसत नाही.

अक्कलकोट तालुक्यातली एक म्हातारी वॉर्डात होती, कन्नड सोडून एक शब्द येत नव्हता. सिस्टर ट्रे घेऊन आल्या तशी ती म्हणाली, “सूजी माडब्याड्री, सूजी माडब्याड्री.” तिकडच्या कन्नडात सूजी म्हणजे इंजेक्शन आणि माडब्याड्री म्हणजे करू नका. सिस्टरनी ऐकली सूज. त्या बिचाऱ्यांनी मायेने तिचा हात धरला, सलाईनची जागा बघितली, सूज कुठंय आजी, नाही दिसत, आणि इंजेक्शन भरायला घेतलं. शेजारच्या कॉटवर आमच्यातली एक जण तिच्या आईजवळ बसली होती, ती उठून म्हणाली थांबा सिस्टर, ती नको म्हणालीय, का ते विचारते. तर मागच्या वेळी तेच इंजेक्शन दिल्यावर तिच्या सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास लागला होता. त्या सिस्टर खाली बसल्या अक्षरशः. नंतर चहा पाजला त्यांनी आम्हाला. पण रजिस्टरला काय? काहीच नाही, कारण काही झालं नाही ना. होता होता वाचलेली चूक हीच तर फुकटात मिळालेली शिकवणी असते, ती लिहून ठेवली असती तर पुढच्या शिफ्टला कळलं असतं.

आणि एक गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. विडी घरकुल वसाहतीतली एक बाई, पस्तीस-छत्तीस वर्षांची, अंगावरनं जात होतं म्हणून दाखवायला गेली. सोबत कोण, तर तिची अकरा वर्षांची मुलगी, सहावीतली, मराठी चांगली येते म्हणून. डॉक्टर म्हणाले पिशवी काढावी लागेल, आईला सांग. पोरगीने शब्दाला शब्द लावला, पिशवीला तेलुगूत संची. गर्भाशयाला गर्भसंची म्हणतात हे त्या लेकराला कुठनं माहीत असणार. आईच्या कमरेला पैशाची कापडी संची होती, ऑपरेशनच्या आधी दागिने काढा, बांगड्या काढा म्हणतात तसं ही संची पण काढायला सांगतायत असं तिला वाटलं. तिने मान हलवली, अंगठा दिला. दोन महिने पाळी आली नाही म्हणून ती आमच्याकडं विचारायला आली तेव्हा मी तिचा कागद वाचला. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. ऑपरेशन गरजेचं होतं का नव्हतं ते मी ठरवू शकत नाही, कदाचित असेल. पण ती ज्याला हो म्हणाली ते वेगळंच होतं. आणि ती मुलगी आता घरात कुणाचा कागद वाचायला मागत नाही, म्हणते मला नको, मी चुकीचं सांगते.

सुप्रीम कोर्टाने २००८ सालीच सांगितलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे, काय करणार, का करणार, दुसरा काही उपाय आहे का, धोका काय, हे पेशंटला कळलं पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद काढली त्यात १७ हक्क आहेत, आणि माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत मिळण्याचं पण त्यात आहे. आपल्या महाराष्ट्रात तर २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत बदल होऊन रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं बंधनकारक झालं. मी बऱ्याच ठिकाणी शोधून बघितली. जिथं होती तिथं मराठीत आणि इंग्रजीत होती. माझ्या अत्तम्मांना तिचा काय उपयोग सांगा.

इथं एक म्हणायचंय. आपली महापालिका मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, चारही माध्यमांच्या शाळा चालवते. इलेक्शन आलं की प्रचाराच्या रिक्षा पूर्व भागात तेलुगूत बोलतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की इथं सगळ्यांना मराठी येतंय. मराठी येतं हो, बाजारापुरतं येतं, भाजी घ्यायला येतं, शेजारणीशी भांडायला येतं. छातीत दुखतंय ते दाबल्यासारखं का जळजळ का टोचल्यासारखं, हे सांगायला माणसाला आईची भाषाच लागते. तेलुगूत चक्कर आली म्हणायला “कळ्ळु तिरुगुतुन्नाई” म्हणतात, सरळ अर्थ डोळे फिरतायत. एका शुगरच्या पेशंटच्या पोराने मराठीत तसंच सांगितलं आणि त्याला डोळ्यांच्या ओपीडीला पाठवलं, तिथं लाईनमध्ये त्याची शुगर उतरून तो पडला. आणि आपल्याकडं येणारे पेशंट फक्त सोलापूरचे नसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफजलपूर, तिकडनं गाड्या भरून येतात.

भाषेशिवाय पण आहे. तांड्यावरची बाई, पारध्याची बाई ओपीडीत आली की सिक्युरिटीपासनं बोलण्याचा सूर बदलतो, मग ती दुखणं अर्धंच सांगते आणि लवकर निघून जाते. ऐकू न येणारा माणूस नाव पुकारलेलं ऐकूच शकत नाही, नंबर जातो. एका वॉर्डात दोन लक्ष्मीबाई असतात आणि हाताला पट्टी नसते. यातलं प्रत्येक एक वेगळं पत्र होईल.

आमच्या ओळखीतली एक मुलगी नर्सिंगला आहे, तिने मला मोबाईलवर शोधून शोधून वाचायला दिलं, त्यावरनं कळलं की हे जगात सगळीकडं होतंय आणि लोकांनी यावर काम करून दाखवलंय. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९८० साली एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत नेलं, घरचे स्पॅनिश बोलणारे, ते म्हणाले “इन्टोक्सिकादो”, म्हणजे काहीतरी खाण्यातनं बाधलं असावं. दवाखान्याने इंग्रजी कानाने ऐकलं, नशा केलीय. नशेचे उपचार चालू झाले आणि डोक्यात रक्तस्राव होत होता तो वेळेत कुणी बघितला नाही. त्या मुलाचे हात-पाय कायमचे लुळे पडले. भरपाई किती, तर आयुष्यभराची मिळून सात कोटी दहा लाख डॉलर. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा रोजु आठवला. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोघांनाही वाटतं आपल्याला कळलंय, म्हणून कुणी परत विचारत नाही. अजिबात न कळणारा शब्द बरा, माणूस निदान विचारतो तरी.

सोरेल किंग नावाच्या एका आईची गोष्ट पण त्या नर्सिंगच्या मुलीनेच दाखवली. २००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये तिची दीड वर्षाची मुलगी जोसी दगावली. भाजल्यातनं बरी होत होती, पण अंगातलं पाणी कमी होत गेलं आणि वर चुकीचं औषध दिलं गेलं. आई सांगत होती मुलीला तहान लागलीय, काहीतरी बिघडलंय. नंतर मिळालेल्या भरपाईतले पैसे त्या आई-वडिलांनी त्याच हॉस्पिटलसोबत चुका कमी करायच्या कामात घातले. त्याच हॉस्पिटलसोबत. मला हे पटलं म्हणून मी तुम्हाला पत्र लिहितेय, कोर्टाला नाही. इंग्लंडमध्ये मार्था नावाच्या १३ वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांचं वेळेवर ऐकलं गेलं नाही, ती २०२१ साली सेप्सिसने गेली, तिच्या आईने नेट लावल्यावर २०२४ पासनं तिथल्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये नियम आला की घरच्यांना वाटलं पेशंट बिघडतोय आणि वॉर्डातलं कुणी ऐकत नाहीये तर त्यांनी सरळ दुसऱ्या टीमला बोलवायचं. मार्थाज रूल म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने तर २००५ सालीच लंडनमध्ये चुकीच्या उपचारांनी पोळलेले पेशंट आणि घरचे लोक यांना एकत्र बोलावलं आणि त्यातनं जाहीरनामा निघाला होता, की आम्हाला चुका सुधारण्यात भागीदार करा. २०१९ पासनं १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन आहे. आपल्या देशाचा पण रुग्ण सुरक्षेचा २०१८ ते २०२५ असा आराखडा होता. आणि लांब कशाला, महाराष्ट्रात २००७ पासनं पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख चालू झाली होती, शेजारचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, त्यातच होतं, गावातल्या लोकांनी सरकारी दवाखान्याला मार्क द्यायचे, जनसुनवाईत बाया माईक घेऊन बोलायच्या. म्हणजे मी काही परदेशातलं फॅड घेऊन आले नाहीये.

आता आमच्याकडनं काय चुकलं ते पण लिहिते, कारण नुसतं तुमचं लिहिलं तर ते खरं होणार नाही. सुरुवातीला आमच्यातल्या एकीने एका माणसाला टीबी आहे हे डॉक्टरांचं ऐकून त्याला नीट सांगितलं, औषधं समजावली, सगळं व्यवस्थित केलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. दोन दिवसांत गल्लीला कळलं. त्या माणसाच्या सुनेला माहेरी नेलं. तो परत कधी आमच्याकडं आला नाही आणि गोळ्या पूर्ण केल्या का नाही ते मला अजून माहीत नाही. आणखी एकदा एका आजोबांना कॅन्सर आहे हे सांगायचं धाडस आमच्या मास्तरांना झालं नाही, त्यांनी कन्नडमध्ये गाठ आहे एवढंच सांगितलं, आजोबा तीन महिने परत गेले नाहीत. दोन्ही माणसं मनाने चांगली, पण ट्रेनिंग नाही. म्हणून आम्ही म्हणतोय की आम्हाला शिकवा. गुप्तता काय असते, शब्दाला शब्द सांगायचं म्हणजे काय, आपलं मत मध्ये घालायचं नाही म्हणजे काय, हे आम्हाला तुमच्या लोकांनी शिकवावं, परीक्षा घ्यावी, जो पास होईल त्यालाच वॉर्डात सोडावं. आमची त्याला तयारी आहे.

तुम्ही म्हणाल स्टाफ नाही. खरंय, मी बघते ना, एक सिस्टर आणि साठ पेशंट, सकाळी दहा ते एकमध्ये डॉक्टर किती लोक तपासतात ते बाकावर बसून मोजलंय मी, एका माणसाला दीड मिनिट येत नाही. म्हणून जे मागतोय ते त्या दीड मिनिटात बसणारं मागतोय. औषधाच्या खिडकीवर पेशंटला घरी कशी घेणार ते सांगा म्हणायचं आणि त्याच्या तोंडून ऐकायचं, पाच सेकंद लागतात. आठवड्याच्या गोळीचं पाकीट वेगळ्या रंगाचं, त्यावर सात खणं आणि एकच रंगवलेला, अक्षर नकोच. चारही भाषांत वीस-पंचवीस वाक्यांचा एक कागद प्रत्येक वॉर्डात, कुठं दुखतंय, कधीपासनं, कुठल्या औषधाने त्रास झाला होता का, पोटुशी आहे का. तो कागद आम्ही तयार करून देतो, तुमचे डॉक्टर तपासून घेऊदेत. ऑपरेशनच्या संमतीला लहान मूल दुभाषी चालणार नाही हे मात्र लिहून काढा, तोंडी नको. सकाळच्या ओपीडीला एक तेलुगू आणि एक कन्नड येणारं माणूस, पगारी, कारण हे काम आहे. तुमच्याच दवाखान्यात तेलुगू बोलणाऱ्या मावशी झाडू मारतात आणि डॉक्टर त्यांनाच हाक मारून विचारतात, मग त्या कामाचे त्यांना पैसे आणि ट्रेनिंग द्या की.

पण यातलं सगळं जमलं आणि रजिस्टर राहिलं तर दोन वर्षांत परत होतं तिथं येईल. म्हणून मी सगळ्यात आधी रजिस्टर मागतेय. एक वही, त्यात तारीख, पेशंटची भाषा, काय झालं, होता होता वाचलं तर ते पण. नाव नको, ना पेशंटचं ना स्टाफचं. स्टाफला शिक्षा होणार म्हणलं तर कुणी लिहिणार नाही, ते मला कळतं. महिन्यातनं एकदा तासभर ती वही उघडायची आणि तिथं आमची दोन माणसं बसू द्यायची. आम्ही तिथं बसून काय करणार? अत्तम्मांच्या गोळीचं काय केलं ते सांगते. दुसऱ्या डॉक्टरांनी बऱ्या झाल्यावर तीच गोळी परत चालू केली आणि वार कुठला ठेवू विचारलं, कॅलेंडरवर खूण करा म्हणाले. कॅलेंडर त्या बघत नाहीत. मी म्हणलं, यांच्या कारखान्यात आठवड्याचा पगार शनिवारी होतो, गोळी पगाराच्या रात्री. चाळीस वर्षांत तो वार त्या विसरल्या नाहीत आणि विसरणार पण नाहीत. डॉक्टरांना हे सुचणं शक्यच नव्हतं, त्यांनी कधी विडी कारखान्याच्या पगाराची लाईन बघितली नाही, आणि मला मेथोट्रेक्सेट कळत नाही. दोघं एका टेबलाला होतो म्हणून झालं.

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते तिथली भाषा शिकले, चिनी भाषेत बोलायचे, वाचायचे, शिकवायचे. १९४२ साली तिथंच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, आम्ही शाळेत असताना नेलं होतं तेव्हा मास्तरांनी भाषेचं सांगितलं होतं ते डोक्यात राहिलं. तुम्हाला चीनला जायचं नाहीये. “एला वेसुकुंटारु”, म्हणजे कशी घेणार गोळी, एवढं एक वाक्य जरी खिडकीवरच्या पोराला आलं, अगदी मोडकं उच्चारलं तरी आमच्या बायका हसतील आणि मग बोलायला लागतील.

आम्ही दर मंगळवारी दुपारी दोननंतर मोकळे असतो, त्या दिवशी मास्तर पण येऊ शकतात आणि रिक्षा पण आहे. तुमच्यापैकी ज्यांना पहिली मीटिंग घ्यायची असेल त्यांनी आमच्या भागातल्या कुठल्याही आशाताईंना निरोप द्या, आमच्यापर्यंत पोचतो. वाक्यांच्या कागदाचा कच्चा खर्डा चारही भाषांत तयार आहे, उर्दूचं शुद्धलेखन तेवढं कुणाकडनं तरी बघून घ्यायचंय. अत्तम्मा म्हणाल्यात मी पण येणार, पहिलं पाकीट दाखवायला. अर्धं कापलेलं नाव आणि गोल केलेला १ आहे ते. शनिवारी तेवढं त्यांना बोलवू नका.

आपली,
अशोक चौक परिसरातली एक सून, आणि सोबतचे सगळे
सोलापूर